मिठीजवळचे तळमजल्यावरचे घर सरकार विकत घेईल काय?

तळमजला_कुर्ला यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे घर कुर्ला पश्चिमेला, मिठी नदीपासून पायी सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, एका तीन मजली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावर आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आत यावे लागत असे. मधल्या काळात रस्त्यावर डांबराचे आणि मग काँक्रीटचे थर चढत गेले आणि आता एक पायरी उतरून घरात यावे लागते. घर जागचे हलले नाही, तरी ते खड्ड्यात गेले.

आमच्याकडे पाणी दारातून येत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पाऊस धरला आणि त्यातच मोठी भरती आली की मोरीच्या जाळीतून आधी बुडबुडे येऊ लागतात, मग काळसर पाणी वर चढते, आणि बाहेरचा रस्ता अजून पायी चालण्याजोगा असतानाच स्वयंपाकघरात घोट्याएवढे पाणी झालेले असते. उंबऱ्यावर आम्ही नऊ इंचांचा सिमेंटचा बांध घातला, त्याचा उपयोग एवढाच झाला की आत आलेले पाणी बाहेर जाईनासे झाले. फ्रीज बाराही महिने विटांवर उभा असतो. जून ते सप्टेंबर तांदळाचा डबा माळ्यावर जातो आणि कपाटाचे खालचे दोन खण रिकामे राहतात. स्वयंपाकघराच्या चौकटीवर सासूबाईंनी दर पुराची खूण पेन्सिलीने करून तारीख घालून ठेवली आहे. त्याच चौकटीच्या दुसऱ्या अंगाला मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. २६ जुलै २००५ ची खूण माझ्या धाकट्याच्या पाचवीतल्या उंचीच्याही वर आहे.

घर विकण्याचा विचार दोनदा केला. दलालाचा सल्ला दोन्ही वेळा एकच होता, की घर एप्रिलमध्ये दाखवा, पावसाळ्यात दाखवू नका. तसे करणे माझ्याच्याने झाले नाही. आपल्या गळ्यातली धोंड न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची, असा तो व्यवहार वाटला.

अमेरिकेत वारंवार पुरात जाणारी घरे सरकार रीतसर मोबदला देऊन विकत घेते, ती पाडते आणि ती जागा मोकळी ठेवते, असे अलीकडे वाचनात आले. तशी काही तरतूद महाराष्ट्रात आहे काय, असल्यास अर्ज कोणाकडे करावा, आणि नसल्यास ती असावी अशी मागणी करणे शहाणपणाचे ठरेल काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. नालेसफाईवरची चर्चा आपण दरवर्षी करतोच, म्हणून या धाग्यात ती टाळावी ही विनंती.


परतलेला_मुलुंडकर यांचे उत्तर:

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे ह्यूस्टनमध्ये होतो आणि २०१७ च्या ऑगस्टमधले हार्वी वादळ तिथेच पाहिले. त्यामुळे या योजनेची तिकडची बाजू थोडी जवळून सांगू शकतो.

तिथली पद्धत थोडक्यात अशी आहे. खरेदी स्थानिक शासन करते, म्हणजे काउंटी, शहर किंवा राज्य. खर्चाचा मोठा वाटा, बहुधा ७५ टक्के, केंद्राच्या आपत्ती निवारण संस्थेच्या अनुदानातून येतो आणि उरलेला स्थानिक शासनाने उभा करायचा असतो. १९९३ मध्ये मिसिसिपी आणि मिसुरी नद्यांना आलेल्या महापुरानंतर केंद्राचा वाटा निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर नेण्यात आला आणि तेव्हापासून या खरेदीला खरा वेग आला. किंमत बहुधा पुराच्या आधीच्या बाजारभावाने ठरते, कारण पुरानंतरच्या भावाने कोणीच घर देणार नाही. मात्र दुरुस्तीसाठी पूर्वी विम्याचे किंवा मदतीचे पैसे मिळाले असतील आणि ते दुरुस्तीवरच खर्च झाल्याच्या पावत्या दाखवता आल्या नाहीत, तर तेवढी रक्कम किमतीतून वजा होते. माझ्या एका सहकाऱ्याने याच कारणासाठी गॅरेजमधल्या बुटांच्या खोक्यात हार्डवेअरच्या दुकानाची सगळी बिले जपून ठेवली होती.

सर्वांत महत्त्वाची अट जमिनीविषयीची आहे. केंद्राच्या पैशातून घेतलेल्या जमिनीच्या खतातच असे बंधन घातले जाते की ती कायमची मोकळी राहील. तिथे गवत, बाग, खेळाचे मैदान किंवा पाणथळ जागा चालते, पण इमारत चालत नाही. घर विकायचे की नाही हे सामान्यतः मालकाच्या मर्जीवर असते. तिथल्या बायूच्या, म्हणजे संथ वाहणाऱ्या मोठ्या ओढ्याच्या काठी मी अशी एक गल्ली पाहिली आहे. रस्ता, दिव्याचे खांब आणि फुटपाथवरून घराकडे वळणारे सिमेंटचे उतार जागच्या जागी होते, मात्र त्या उतारांच्या टोकाला घर नव्हते, नुसते कापलेले गवत होते. मधेच एक घर उभे होते आणि त्याच्या दारात गाडी होती. त्या मालकाने विकायला नकार दिला होता. एका घरासाठी कचऱ्याची गाडी, पाण्याची जोडणी आणि दिवे सगळे चालूच ठेवावे लागते. बुद्धिबळाच्या पटासारख्या अशा वस्त्या हा या योजनेचा मोठा दोष मानला जातो.

दुसरा दोष वेळेचा. पूर आल्यापासून व्यवहार पुरा होईपर्यंत मध्यंतरी पाच वर्षांहून अधिक काळ जातो असे तिथल्या पाहणीत आढळले आहे. तोवर माणसे ओल्या भिंती रंगवून पुन्हा त्याच घरात राहू लागतात, किंवा कंटाळून मिळेल त्या भावाने गुंतवणूकदाराला घर देऊन मोकळी होतात.

जिथे ही योजना नीट झाली तिथे एक गोष्ट समान दिसते, ती म्हणजे जायचे कुठे हे आधी ठरले होते. इलिनॉय राज्यातले सुमारे ९०० वस्तीचे व्हालमेयर हे गाव १९९३ च्या पुरानंतर नदीकाठ सोडून टेकडीवर वसले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या ग्रँथम गावात जानेवारी २०११ मध्ये अचानक लोंढा आला, तेव्हा तिथल्या स्थानिक परिषदेने उंचावरची जमीन घेऊन खालच्या भूखंडाच्या बदल्यात वरचा भूखंड दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली कुटुंबे वर राहायला गेली.

आपल्या प्रश्नापुरती एक अडचण मात्र मला दिसते. हे सगळे एका भूखंडावर एक घर आणि त्याचा एक मालक, या गृहीतावर उभे आहे. आपला तळमजला सरकारने घेतला आणि वरचे दोन मजले तसेच राहिले, तर पाडायचे काय?


वकील_दादर यांचे उत्तर:

मुलुंडकरांचा शेवटचा प्रश्न हाच कायद्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ताई, आपल्याकडे घराचा करार आणि संस्थेचे भाग प्रमाणपत्र असेल. जमिनीची मालकी मात्र संस्थेच्या नावावर झाली आहे काय, हे एकदा मालमत्ता पत्रक काढून पाहावे. मुंबईतल्या कित्येक जुन्या संस्थांच्या नावे अभिहस्तांतरण, ज्याला आपण सगळे कन्व्हेयन्स म्हणतो, आजही झालेले नाही, आणि पत्रकावर मूळ जमीनमालकाचेच किंवा त्याच्या वारसांचे नाव असते. तसे असेल तर उद्या सरकार मोबदल्याची थैली घेऊन दारात आले तरी जमीन विकण्याचा अधिकार आपल्या संस्थेकडे नसेल. १९६३ च्या मोफा कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाच्या, कलम ११ प्रमाणे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मूळ मालक सही करीत नसला तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडून जमीन संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. पुढे काहीही करायचे ठरले तरी हे काम आधी उरकावे.

आता मूळ प्रश्न. पुराचा धोका आहे म्हणून मालकाने अर्ज करावा आणि शासनाने ते घर विकत घ्यावे, अशी योजना आपल्याकडे नाही. आहे ती नुकसान झाल्यावरची मदत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातले पूर्ण पडलेले पक्के घर १,२०,००० रुपयांचे धरले होते. मुंबईत या रकमेत काय येते हे वेगळे सांगायला नको. शिवाय आपले घर पडलेले नाही, ते फक्त दरवर्षी भिजते, आणि भिजण्याला निकषांत फारशी जागा नाही.

२०१३ चा भूसंपादन कायदा वाचताना एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. नैसर्गिक आपत्तीने बाधित क्षेत्रात राहणाऱ्यांना वसवण्यासाठी दुसऱ्या कोणाची जमीन घेणे, हे या कायद्याने सार्वजनिक प्रयोजन मानले आहे. पण खुद्द त्या बाधितांची बुडणारी जमीन ती मोकळी राहावी एवढ्याच हेतूने घेणे, असा स्वतंत्र विचार त्यात नाही. म्हणजे माणसाला कुठे न्यायचे याचा विचार झाला आणि मागे राहिलेल्या जमिनीचे काय करायचे याचा राहिला. माझ्या मते हीच आपल्या धोरणातली खरी फट आहे.

तरीही एक वाट आहे. विकास आराखड्यात एखादी जमीन नदीपात्राचे रुंदीकरण, नाला, उद्यान अशा प्रयोजनासाठी आरक्षित झाली, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ खाली ती तीन प्रकारे घेता येते: मालकाशी करार करून मोबदला देऊन, चटईक्षेत्र (म्हणजे वाढीव बांधकामाची परवानगी) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे तेवढे बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा हक्क) देऊन, अथवा भूसंपादन कायद्याने. शेवटच्या मार्गाने शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळते. सरकारी तिजोरीला परवडणारा मार्ग अर्थातच दुसरा, कारण त्यात रोख पैसा द्यावा लागत नाही. मुंबईत १९९१ पासून टीडीआरवर अनेक रस्ते आणि मैदाने पालिकेच्या ताब्यात आली आहेत. पण त्याचीही एक गोम आहे. मिठीकाठची जागा मोकळी करून तिचा टीडीआर दुसऱ्या सखल भागात उतरला आणि तिथे बारा मजले चढले, तर एका ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवल्यासारखे होईल. टीडीआर कुठे वापरावा यावर पुराच्या दृष्टीने बंधन असायला हवे. अमेरिकेतल्या खतावरच्या बंधनाएवढेच ते महत्त्वाचे आहे, आणि त्याबद्दल बोलताना मला तरी कोणी दिसत नाही.

पुनर्विकासाचा मार्ग धरायचा झाल्यास, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार संस्थेच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्के सभासदांची संमती लागते. तळमजल्यावरचे सभासद संख्येने नेहमीच कमी असतात, तेव्हा वरच्यांना बरोबर घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.


क्रांतीनगरचा यांचे उत्तर:

धागा वाचत होतो, न राहवून लिहीत आहे. वर चर्चा करारपत्र असलेल्या घरांची चालली आहे. मी मिठीच्या अगदी काठावर, विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत वाढलो. आमच्याकडे पाणी मोरीतून येत नाही, नदीच घरात येते. २ जुलै २०१९ ला आमच्या वस्तीतून शेकडो माणसे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी दोर आणि बोटी लावून बाहेर काढली, हे आपण बातम्यांत पाहिले असेल. बातमीत न आलेला भाग असा की पाणी उतरल्यावर आम्ही त्याच घरांत परत गेलो, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

सरकारने घर विकत घ्यावे असे म्हणण्याआधी ते कोणाचे, हे ठरावे लागते. आमची भिंत, पत्रा आणि लादी आमची आहे, जमीन आमची नाही. म्हणून आमच्यासाठी खरेदी हा शब्द कोणी वापरत नाही, पुनर्वसन म्हणतात, आणि त्याचे दार पात्रतेचे असते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत, १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून, त्यानंतरचे अपात्र. आमच्या घराला पोटमाळा आहे. खाली आई-वडील आणि वर भावाचे कुटुंब, वेगळी चूल, वेगळे रेशनकार्ड. पाणी आले की वरचे लोक खालच्यांना हात देऊन वर ओढतात. कागदावर मात्र वरचे घर नाहीच. शेजारी भाडेकरू आहेत, त्यांना तर कोणी विचारत नाही. पाणी पात्र-अपात्र पाहून शिरत नाही, यादी मात्र पाहते. मुलुंडकरांना विचारावेसे वाटते, की तिकडे भाडेकरूचे काय होते?

आणि पात्र ठरल्यावर मिळते काय, तेही ऐकावे. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या तेव्हा हजारो लोकांना माहुलला पाठवले. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, जिथल्या हवेबद्दल हरित लवादाने २०१५ मध्येच चिंता व्यक्त केली होती. लोक वर्षानुवर्षे आंदोलन करीत राहिले आणि अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. हे सगळे आमच्या वस्तीने पाहिले आहे. त्यामुळे कोणी सर्वेक्षणाला आले, दारावर खडूने क्रमांक टाकू लागले, की माझी आई आधी एकच विचारते, "माहुल नाही ना?" कुर्ल्यात किंवा साकीनाक्यात कामाला चालत जाता येईल असे घर दिले, तर नदीकाठी राहण्याची हौस आम्हांला नाही. अतिक्रमण म्हणून आमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी नदीच्या खाडीकडच्या तोंडाशी झालेल्या भरावाकडेही एकदा पाहावे.


परतलेला_मुलुंडकर यांचे उत्तर:

आपला प्रश्न रास्त आहे. मालक स्वखुशीने घर विकत असला तरी भाडेकरू स्वखुशीने जात नसतो, हे तिथला कायदा मान्य करतो. म्हणून अशा घरातल्या भाडेकरूला स्थलांतराचा खर्च आणि नव्या घराच्या वाढीव भाड्यासाठी साहाय्य देण्याची तरतूद तिथे आहे. अंमलबजावणी सगळीकडे चोख होते असे नाही, पण हक्क कागदावर तरी आहे.


गिरणगावकर यांचे उत्तर:

मी मूळचा करवीर तालुक्यातला, आता लालबागला राहतो. आमच्याकडचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीच्या उंचवट्यावर भूखंड देण्यात आले. तरीही २०१९ च्या महापुरात जुन्या गावात माणसे अडकली आणि त्यांना बोटींनी काढावे लागले. बाहेरचे लोक म्हणाले, जागा दिली तरी गेले नाहीत, हट्टी आहेत. पण ऊस खाली, म्हशी खाली, वैरण खाली, आणि वरच्या प्लॉटवर घर बांधायचे पैसे ज्याचे त्याने उभे करायचे. माझ्या मावशीच्या घरची सोय अशी होती की तरुण जोडपे वर आणि म्हातारी म्हशींजवळ खाली. पूर आला तेव्हा म्हशी सोडून ती निघेना, आणि तिला सोडून घरचे निघेनात.

एक फरक मात्र सांगतो. आमच्याकडे नदीला निळी आणि लाल रेषा आखलेली असते. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, लालच्या आत नियंत्रण. रेषा पाळली जाते की नाही हा भाग निराळा, पण आपण कोणत्या बाजूला आहोत हे गावातल्या पोरालाही सांगता येते. मुंबईत घर घेताना सदनिकेचा दक्षिणोत्तर विचार होतो, वास्तुशास्त्र होते, पण ही रेषा कोणी दाखवत नाही.


निवृत्त_अभियंता यांचे उत्तर:

आयुष्यभर पर्जन्यजलवाहिन्यांची कामे केली, म्हणून प्रश्नाच्या एका वाक्यावर अडलो. ताई लिहितात की पाणी दारातून येत नाही, मोरीतून येते. या एका वाक्यावर बरेच काही ठरते.

मुंबईत पाणी घरात येण्याचे निदान दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपण ते एकाच पोत्यात घालतो. पहिला प्रकार नदी पात्र सोडून वस्तीत शिरते तो. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहते, वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, आणि दोन्ही काठांनी इतकी आवळली गेली आहे की मोठ्या पावसात तिला पसरायला जागा उरत नाही. क्रांतीनगरच्या बंधूंचा पूर हा. तिथली घरे, त्यांना मान्य होईल असे दुसरे घर जवळपास देऊन हलवली आणि ती जागा नदीला दिली, तर त्याचा लाभ त्यांच्यापुरता राहत नाही, वरच्या बाजूच्या सगळ्या वस्त्यांची पाण्याची पातळी उतरते. खरेदीच्या योजनेत सार्वजनिक पैसा घालण्याचे समर्थन याच ठिकाणी होऊ शकते.

दुसरा प्रकार वाहिनी उलटी चालण्याचा. शहराची जुनी व्यवस्था ताशी २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, तीही ओहोटी आहे असे धरून. मुंबईच्या पर्जन्यजल व्यवस्थेवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती ५० मिलीमीटरवर न्यावी असे सुचवले, पण कामाला जोर आला तो २६ जुलैनंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला अवघा ७३. शहराची बहुतांश पातमुखे, म्हणजे वाहिन्या समुद्राकडे उघडतात ती तोंडे, भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, म्हणजे भरतीला पाणी बाहेर जाण्याऐवजी आत ढकलले जाते. हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही पाणी पंपाने उपसून बाहेर टाकणारी सहा उदंचन केंद्रे त्यासाठीच झाली, पण त्यांतले एकही मिठीच्या काठावर नाही. नदीची पातळी चढली की तिला मिळणारे नाले तुंबतात, नाल्यांना मिळणारी गटारे तुंबतात, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत खाली असलेली मोरी बोलू लागते. ताईंचे घर या साखळीच्या टोकाला आहे.

म्हणून थोडे कटू वाटले तरी लिहितो. ताईंचे घर सरकारने विकत घेऊन पाडले, तरी मिठीला त्यातून तसूभरही जागा मिळणार नाही. पुढच्या पावसात शेजारच्या इमारतीची मोरी बोलेल. पैसा थोडा आहे तेव्हा तो आधी काठावर जावा, आणि सात-आठ मिनिटांच्या अंतरावरच्या घरांसाठी उपाय निराळा असावा.

तो उपाय काय, तर आधी मोजमाप. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी घेतात, तशी मोरीच्या जाळीची आणि इमारतीबाहेरच्या पहिल्या चेंबरच्या झाकणाची पातळी ताडून पाहावी. जाळी झाकणापेक्षा खाली असेल, तर चेंबर भरला की पाणी रस्त्यावर येण्याआधी आपल्या घरात येणारच. मलवाहिनीवर आणि मोरीच्या वाहिनीवर झडप, ज्याला प्लंबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, ती बसवल्यास उलटे पाणी अडते. पण झडप मिटल्यावर वरच्या मजल्यांचे सांडपाणीही बाहेर जात नाही, ते आपल्याच मोरीत उतरते. त्यामुळे वरच्यांची वाहिनी आधी वेगळी करावी लागते, आणि त्यासाठी पुन्हा संस्थेचा ठराव आला. उंबऱ्यावरचा बांध मात्र काढून टाकावा.

पुनर्विकास झाल्यास तळमजला मोकळा ठेवून वर घरे घ्यावीत, हे ओघाने आलेच. एकच सांगणे आहे, की वीजमीटरची खोली आणि पाण्याचा पंप खाली ठेवू देऊ नका. विकासक जागा वाचवण्यासाठी जिन्याखाली मीटर बसवतात. मग घरे कोरडी राहतात, पण इमारत दोन दिवस अंधारात असते आणि खालच्या पाण्यात विजेचा धक्का बसण्याचे भय वेगळे.


तळमजला_कुर्ला यांचे उत्तर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण अभियंतेसाहेबांनी सांगितलेले मोजमाप करून मगच लिहायचे ठरवले होते. शेजारच्या इमारतीत गवंडीकाम चालू आहे, तिथल्या मिस्त्रींनी नळी धरून पातळी काढून दिली. आमची जाळी बाहेरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा एक वीत आणि चार बोटे खाली आहे. इतकी वर्षे आम्ही पोती दाराशी रचत होतो.

मालमत्ता पत्रकही काढले. वकीलताईंची शंका खरी ठरली. जमीन आजही मूळ मालकांच्या नावावर आहे आणि त्यांतले दोघे हयात नाहीत. पुढच्या रविवारी संस्थेची सभा आहे, त्यात मानीव अभिहस्तांतरणाचा विषय पहिला घेत आहोत आणि वाहिनी वेगळी करण्याचा दुसरा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पहिल्याला लगेच होकार दिला, दुसऱ्याला मात्र, "आमच्याकडे कुठे पाणी येते?" असे विचारले. त्यांना सांगितले की आपलेच पाणी आमच्याकडे येते. ते हसले, पण सही अजून केलेली नाही.

क्रांतीनगरच्या भाऊंना एक सांगायचे आहे. पाऊस जास्त झाला की आपल्या वस्तीतली माणसे महापालिकेच्या शाळेत आणली जातात, तशा एका शाळेत मी शिकवत असे. वर्गातले बाक एकावर एक रचून आम्ही जागा करून देत होतो आणि दोन दिवसांनी शाळा पुन्हा भरवत होतो. ते लोक परत कुठे जातात, हे मी तेव्हा विचारले नव्हते. माझे घर सरकारने विकत घ्यावे ही मागणी मी मागे घेते. काठावरच्या घरांच्या मागणीचा अर्ज आपण लिहाल तेव्हा मला कळवा, मसुदा लिहून देईन आणि माझी सहीही त्यावर असेल.

झडप बसवण्याचे काम करून देणारा कुर्ला किंवा सांताक्रूझ भागातला जाणता प्लंबर कोणाच्या माहितीत असल्यास कृपया निरोपात कळवावे. सभेआधी अंदाजपत्रक हातात हवे आहे.


निवृत्त_अभियंता यांचे उत्तर:

प्लंबरचा संपर्क निरोपात पाठवला आहे. झडप उघडून साफ करता येईल अशीच घ्यावी आणि तिच्यावर फरशी बसवू देऊ नये. दर मे महिन्यात ती उघडून केस आणि भाताची शिते काढावी लागतात.